गावच्या विमानतळाशी ओळख करून घ्या: अमेरिकेतल्या छोट्या गावात नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेतल्या तीन-चार हजार वस्तीच्या एखाद्या गावात आपण हॉस्पिटलातल्या नोकरीसाठी, कॉलेजात शिकवायला किंवा कारखान्यातल्या कामासाठी राहायला येतो. एअरपोर्ट म्हटलं की दोन-तीन तासांच्या ड्राइव्हवरचं मोठं शहर आठवतं, कारण भारतात जायचं विमान तिथूनच सुटतं. पण अशा पुष्कळ गावांच्या वेशीवर विमानाचं चित्र असलेली एक हिरवी पाटी असते. बाणाच्या दिशेने गेलात तर मक्याच्या किंवा गव्हाच्या शेतांना लागून एक धावपट्टी दिसते, विमानं ठेवायचे पत्र्याचे पाच-दहा हँगर, एक बसकी इमारत आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी, वाऱ्यावर डुलणारी नारिंगी कापडी नळी. पाणीपुरवठा, वाचनालय, बागा ज्या नगरपालिकेच्या, त्याच नगरपालिकेचा हा विमानतळ. गावात कर भरत असाल तर त्यात तुमचाही वाटा आहे.

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर तिकीट काढून बसायची नियमित विमानं येतात. उरलेल्यांपैकी बरेचसे नगरपालिकांचे किंवा काउंटीचे. आपल्या माणसांचा यांच्याशी फारसा संबंध येत नाही, कारण कुणी आत बोलावत नाही आणि आपण होऊन जावं तर चालेल की नाही, हे कळत नाही. चालतं. कसं जायचं, काय बघायचं, काय टाळायचं, ते इथे क्रमाने सांगते.

पहिली पायरी: घरबसल्या कुंडली काढा

प्रत्येक विमानतळाला एक कोड असतो. छोट्या विमानतळाच्या कोडमध्ये अक्षरांबरोबर आकडेही असू शकतात. हा कोड घेऊन एफएए, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या वेबसाइटवर 'चार्ट सप्लिमेंट' उघडा. ते फुकट आहे आणि दर ५६ दिवसांनी त्याची नवी आवृत्ती येते. धावपट्टीची लांबी-रुंदी, ती डांबरी आहे की गवताची, रात्री दिवे लागतात का, इंधन कोणतं मिळतं, रेडिओची फ्रिक्वेन्सी कोणती, माणूस किती ते किती हजर असतो, सगळं दोन-चार ओळींत मिळतं. शेवटचे शेरे नक्की वाचा. धावपट्टीवर हरणं येतात, हंगामात फवारणीची विमानं उडतात, असल्या खास गावच्या गोष्टी तिथेच कळतात. मालक कोण आणि मॅनेजरचा फोन नंबर काय, हे एफएएच्याच विमानतळांच्या माहितीसाठ्यात मिळतं.

वैमानिकांचा नकाशाही एकदा बघा. त्याला सेक्शनल चार्ट म्हणतात. किरमिजी रंगाने दाखवलेल्या विमानतळावर कंट्रोल टॉवर नसतो, निळ्यावर असतो. तुमच्या गावचा बहुधा किरमिजीच निघेल. म्हणजे तिथे उतरायची परवानगी देणारं कुणी बसलेलं नसतं. वैमानिक आपसात बोलून, नियम पाळून उतरतात.

दुसरी पायरी: शनिवारी सकाळी जा

हवा चांगली असलेली शनिवारची सकाळ निवडा. त्या वेळी हौशी वैमानिक, मेकॅनिक, निवृत्त शेतकरी अशी मंडळी हमखास भेटतात. कुंपणाच्या फाटकाकडे जाऊ नका. गाडी लावायच्या जागेकडून इमारतीचं जे दार उघडतं, त्यातून आत शिरा. या इमारतीला कुणी टर्मिनल म्हणतात, कुणी एफबीओ. इंधन विकणं, विमानं लावून घेणं, दुरुस्ती, शिकवणी ही कामं करणारा व्यवसाय म्हणजे एफबीओ. तो खासगी असतो, नाहीतर नगरपालिकाच चालवते. आत सोफा, कॉफीचं भांडं, भिंतीवर मोठा नकाशा आणि हवामान बघायला एक संगणक, एवढाच सरंजाम.

आत गेल्यावर स्वतःचं नाव सांगा, गावात नवीन आहोत आणि विमानतळ बघायचा आहे असं सांगा. एवढं पुरतं. इथे गणवेशातला पहारेकरी नसतो, सामान तपासायचं यंत्र नसतं. त्याऐवजी तिथे रोज येणारी माणसंच अनोळखी गाडी आणि अनोळखी चेहरा टिपत असतात. वैमानिकांच्या संघटनेने, एओपीएने, यासाठी 'एअरपोर्ट वॉच' नावाचा उपक्रमच चालवला आहे. म्हणून कुंपणापाशी गाडी लावून लांबून बघत बसण्यापेक्षा आत जाऊन बोलणं केव्हाही बरं. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी हात करूनच स्वागत होईल.

मॅनेजर भेटले तर थोडा वेळ मागून घ्या. लहान गावात हा माणूस अर्धवेळ असतो, किंवा नगरपालिकेच्या दुसऱ्या खात्यातही काम करत असतो. उन्हाळ्यात गवत तोच कापतो, हिवाळ्यात धावपट्टीवरचा बर्फही तोच ढकलतो. त्याच्या इतका विमानतळ कुणालाच ठाऊक नसतो.

भिंतीवर एखादी किल्ली टांगलेली दिसली तर तीही समजून घ्या. ती 'कर्टसी कार'ची असते, बाहेरून विमान घेऊन आलेल्या पाहुण्याला गावात जेवायला जाता यावं म्हणून ठेवलेली जुनी गाडी. भाडं घेत नाहीत, परत आणताना पेट्रोल भरून आणायचं. गावाची पाहुण्याशी पहिली भेट या गाडीतच होते, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

तिसरी पायरी: कुंपणाच्या आत कसं वागायचं

हा भाग घाईने वाचू नका, मुलं बरोबर असतील तर मुळीच नाही.

कुणीतरी सोबत नेल्याशिवाय फाटकाच्या आत जायचं नाही. कुणी फाटकाचा कोड सांगितला तरी तो पुढे कुणाला द्यायचा नाही. आत गेल्यावर विमानं उभी करायची फरसबंद जागा लागते, तिला रॅम्प म्हणतात. तिथे मुलांचा हात धरून ठेवा. कुत्रा गाडीतच राहू द्या. सिगारेट नको. टोपी, कागद, पिशवी वाऱ्याने उडणार नाही असं बघा, कारण असला कचरा इंजिनात किंवा पंख्यात जाऊन नुकसान करतो.

सगळ्यात महत्त्वाचा पंखा. फिरणारा प्रोपेलर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. बंद विमानाचा प्रोपेलरही धोक्याचा असतो, हे मात्र माहीत नसतं. छोट्या विमानांच्या इंजिनात ठिणगी पाडायला मॅग्नेटो असतो आणि त्याला बॅटरी लागत नाही. स्विच नीट बंद झालेला नसेल किंवा त्याची तार तुटलेली असेल, तर प्रोपेलर हाताने नुसता हलवला तरी इंजिन एक झटका घेऊ शकतं. तेवढ्याने हात जातो, जीवही जातो. म्हणून प्रोपेलरला हात लावून किंवा टेकून फोटो काढायचा नाही. विमानाजवळ जायचं ते मागच्या बाजूने, वैमानिकाने बोलावल्यावर. हेलिकॉप्टरचं उलट आहे. त्याच्या शेपटीकडे कधीच जायचं नाही, वैमानिकाला दिसेल असं समोरून किंवा बाजूने जायचं.

जमिनीवरच्या पिवळ्या रेघाही ओळखायला शिका. दोन सलग आणि दोन तुटक रेघा शेजारी शेजारी दिसल्या, की त्यांच्यापुढे धावपट्टी सुरू होते. सलग रेघेच्या बाजूला असाल तर तिथेच थांबायचं. लाल पाटीवर पांढरे आकडे असतील तर त्याचाही अर्थ तोच. पलीकडच्या हँगरमध्ये जायला धावपट्टी ओलांडणं हा जवळचा रस्ता वाटतो, पण पायी किंवा गाडीने ती कधीही ओलांडू नका. इंजिनाचा आवाज कमी करून उतरणारं विमान ऐकूच येत नाही.

चौथी पायरी: मैदान वाचायला शिका

विमानं वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतात आणि उडतात. विंडसॉकचं रुंद तोंड ज्या दिशेला, वारा त्या दिशेकडून येतोय. अमेरिकेतला प्रमाणित विंडसॉक १५ नॉट्सच्या वाऱ्याला पूर्ण ताठ होतो. तो अर्धवट लोंबत असेल तर शिकाऊ मंडळी खुशीत असतात.

धावपट्टीच्या टोकावरचा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. १७ म्हणजे साधारण १७० अंश, जवळपास दक्षिण. त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ३५ असतं, कारण दोन्ही आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव हळूहळू सरकतो, त्यामुळे काही वर्षांनी हे आकडे बदलून पुन्हा रंगवावे लागतात.

विमानं आकाशात कशीही घिरट्या घालत नाहीत. धावपट्टीभोवती एक ठरलेला आयत असतो, त्याला पॅटर्न म्हणतात. साधारणपणे जमिनीपासून १,००० फुटांवर, आणि वेगळी सूचना नसेल तर सगळी वळणं डावीकडे. आधी वाऱ्याच्या दिशेने धावपट्टीला समांतर जायचं, मग एक वळण, मग दुसरं वळण, आणि मग सरळ उतरायचं. शेवटच्या टप्प्यावर असलेल्या विमानाचा हक्क पहिला. इमारतीबाहेरच्या बाकावर बसून चार-पाच विमानांचा आयत डोळ्यांनी पूर्ण केलात की पुढच्या विमानाचं वळण कुठे येणार हे आपोआप कळायला लागतं.

रेडिओ ऐकायला मिळाला तर सोडू नका. पुष्कळ ठिकाणी आत स्पीकर लावलेला असतो, हातात धरायचा एअरबँड रिसीव्हरही चालतो. ऐकायला परवाना लागत नाही. टॉवर नसलेल्या गावांची फ्रिक्वेन्सी बहुधा १२२.७, १२२.८, १२२.९ किंवा १२३.० असते. मोजक्या फ्रिक्वेन्सी अनेक गावांत वाटलेल्या असल्यामुळे वैमानिक गावाचं नाव सुरुवातीला आणि शेवटीही घेतात: आधी 'अमुक ट्रॅफिक', मग विमान कोणतं, कुठे आहे, काय करणार आहे, आणि शेवटी पुन्हा 'अमुक'. पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या गावची वर्दीही कानावर पडेल, गोंधळू नका. आणि अशा बहुतेक ठिकाणी विमानात रेडिओ असणं सक्तीचं नाही, त्यामुळे न बोलता येणारं विमानही असू शकतं. म्हणून वैमानिक कानांइतकाच डोळ्यांवर भरवसा ठेवतात.

रात्री एकदा तरी रस्त्यावरून बघा. फिरणारा दिवा पांढरा-हिरवा, पांढरा-हिरवा दिसतो, ती नागरी विमानतळाची खूण. धावपट्टी मात्र अंधारात असते, कारण तिचे दिवे वैमानिक स्वतः आकाशातून लावतो. रेडिओचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की दिवे पूर्ण प्रखर, पाच वेळा दाबलं तर मध्यम, तीन वेळा तर मंद. पंधरा मिनिटांनी आपोआप विझतात. सगळं शांत असताना दोन ओळी एकदम उजळल्या, तर कुणीतरी येतंय असं समजा.

पाचवी पायरी: इथे कोण येतं ते समजून घ्या

गावात कधी ना कधी कुणीतरी म्हणेल की हा विमानतळ चार श्रीमंतांच्या हौसेसाठी आहे. स्वतः बघितल्याशिवाय त्यावर मत बनवू नका.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त दिसतात ती पिवळी फवारणीची विमानं. विमानातून पिकांवर औषध टाकायचा पहिला प्रयोग ऑगस्ट १९२१ मध्ये ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ झाला, कटाल्पाच्या झाडांवरच्या अळ्या मारण्यासाठी. आज या कामात सर्रास दिसणारी एअर ट्रॅक्टर कंपनीची विमानं टेक्सासमधल्या ऑलनी या छोट्या गावात बनतात, तिथल्या म्युनिसिपल विमानतळालगतच. एटी-८०२ या मॉडेलच्या टाकीत ८०० गॅलन मावतात. ओल्या शेतात ट्रॅक्टर रुतत असताना, रोग पसरायच्या आत शेकडो एकर उरकायचे असतात, तेव्हा या विमानांशिवाय पर्याय नसतो.

दुसरी महत्त्वाची पाहुणी म्हणजे एअर ॲम्ब्युलन्स. गावच्या छोट्या हॉस्पिटलात हृदयविकाराचा किंवा अपघाताचा रुग्ण स्थिर करून मोठ्या शहरात हलवायचा असतो. हवा किंवा अंतर हेलिकॉप्टरला झेपत नाही तेव्हा विमानच लागतं, आणि विमानाला पुरेशी लांब, दिवे असलेली, बर्फ काढलेली धावपट्टी लागते. आपल्यातले किती तरी डॉक्टर अशा हॉस्पिटलांत काम करतात. त्यांनी एकदा मॅनेजरकडून रात्रीची व्यवस्था समजून घ्यावीच.

शिवाय कारखान्याचे इंजिनिअर, विजेच्या तारा तपासणारे, वणव्याशी लढणारे, शिकाऊ वैमानिक येतातच.

सहावी पायरी: एकदा उडा

बहुतेक फ्लाइट स्कूल 'डिस्कव्हरी फ्लाइट' देतात. अर्धा-पाऊण तास, शेजारी प्रशिक्षक, आणि थोडा वेळ सुकाणू तुमच्या हातात. तुमच्या गावात स्कूल नसेल तर शेजारच्या गावातला प्रशिक्षक कधी कधी येतो, चौकशी करा. सकाळची वेळ मागा. दुपारच्या उन्हात जमीन तापते आणि छोटं विमान बरंच हलतं.

इथे आपल्यासाठी एक वेगळा नियम आहे. अमेरिकेचे नागरिक नसाल, अगदी ग्रीन कार्डधारक असाल तरीही, वैमानिकाचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए, म्हणजे विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅममध्ये नोंदणी करून, शुल्क भरून, मंजुरी घ्यावी लागते. नुसत्या डिस्कव्हरी फ्लाइटला ती लागत नाही. क्वचितच परदेशी विद्यार्थी येत असलेल्या गावात प्रशिक्षकालाही हे पक्कं माहीत असेलच असं नाही, तेव्हा विषय तुम्हीच काढा. व्हिसावर असाल तर त्याच्या अटींत हे बसतं का, हे इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा.

पुढे शिकायचं ठरलं, तर एकट्याने उडायला किमान १६ वर्षं आणि प्रायव्हेट पायलटच्या परवान्याला १७ वर्षं पूर्ण हवीत. नियमाने कमीत कमी ४० तासांचं उड्डाण लागतं, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच जास्त तास लागतात. पैशांचा हिशेब जास्त तास धरूनच करा. आधी एफएएने नेमलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि मगच मोठा खर्च करा. विमानाचं भाडं 'वेट' सांगितलं असेल तर त्यात इंधन धरलेलं असतं.

मुलांसाठी याहून सोपा मार्ग आहे. ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेचा 'यंग ईगल्स' उपक्रम १९९२ पासून चालू आहे. ८ ते १७ वर्षांच्या मुलांना तिचे सदस्य स्वतःच्या विमानातून फुकट फेरी मारून आणतात. पालकांची लेखी संमती लागते. बहुधा सकाळी पॅनकेकचा नाश्ताही असतो, आणि नवख्या कुटुंबाला गावाची ओळख व्हायला याच्याइतकी चांगली जागा मला तरी माहीत नाही.

ओळख वाढली की कुणी म्हणेल, चला, तुम्हाला मोठ्या विमानतळावर सोडतो. प्रायव्हेट पायलटला भाडं घेता येत नाही. तो स्वतः त्याच कामाला जात असेल तर इंधन, विमानाचं भाडं, विमानतळाचं शुल्क यांतला तुमचा समान वाटा देता येतो, त्याहून जास्त नाही. पैसे घेऊन नियमित सोडणाऱ्याकडे वेगळं प्रमाणपत्र असावं लागतं. ते नसेल तर विम्याचीही खात्री नाही, तेव्हा नम्रपणे नकार द्या.

सातवी पायरी: बैठकीला जा

बहुतेक गावांत विमानतळासाठी एक मंडळ किंवा समिती असते आणि तिची बैठक सर्वांना खुली असते. विषयपत्रिका नगरपालिकेच्या वेबसाइटवर लागते. जाण्याआधी पैशाची रचना समजून घ्या, म्हणजे चर्चा कळेल.

असे बरेच विमानतळ दुसऱ्या महायुद्धातले. लष्कराने बांधलेली मैदानं १९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी ॲक्टनुसार नगरपालिकांना मिळाली, विमानतळ म्हणून चालवायच्या अटीवर. धावपट्टीची मोठी कामं आता एअरपोर्ट इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅममधून होतात. तो १९८२ साली सुरू झाला आणि त्याचा पैसा विमानाच्या तिकिटांवरच्या आणि इंधनावरच्या करांतून येतो. देशांतर्गत तिकिटावर तुम्ही ७.५ टक्के कर भरता, तो याच निधीत जातो. छोट्या विमानतळाच्या मंजूर कामाचा साधारण ९० ते ९५ टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं, बाकीचा राज्य आणि गाव.

त्या बदल्यात गावाला लेखी हमी द्यावी लागते. विमानतळ सर्वांना वाजवी अटींवर खुला ठेवायचा, भेदभाव करायचा नाही, तिथलं उत्पन्न तिथेच खर्च करायचं. कामांसाठी ही हमी साधारण २० वर्षं लागू असते. केंद्राच्या पैशाने जमीन घेतली असेल तर तिला मुदतच नसते. म्हणून धावपट्टीशेजारच्या गवताच्या किंवा शेतीच्या भाड्याचे पैसे रस्त्याच्या खड्ड्यांसाठी वापरता येत नाहीत, आणि हँगरमध्ये विमानाऐवजी बोट ठेवणाऱ्याला नोटीस येते.

बैठकीत विचारण्यासारखे प्रश्न: हँगरची प्रतीक्षायादी किती मोठी आहे? पुढचं मोठं काम कोणतं, आणि त्यात गावाचा वाटा किती? शिसं नसलेलं इंधन कधी आणणार? शेवटचा प्रश्न तुम्ही जवळ राहत असाल तर आवर्जून विचारा. छोटी विमानं जे निळं १००एलएल पेट्रोल वापरतात त्यात अजूनही शिसं असतं. असं इंधन आरोग्याला घातक असलेल्या प्रदूषणात भर घालतं, असा निष्कर्ष पर्यावरण खात्याने, ईपीएने, ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे काढला. २०३० च्या अखेरीपर्यंत ते बंद करायचं एफएए आणि उद्योगाचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी गावाला टाक्यांची तयारी आधीपासून करावी लागेल.

आठवी पायरी: शेजारी म्हणून

ड्रोन उडवत असाल तर विमानतळाजवळ उडवण्याआधी एफएएने मान्यता दिलेल्या ॲपवर जागा तपासा. टॉवर नसलेल्या बऱ्याच गावांभोवती जमिनीलगत परवानगी लागत नाही, पण ४०० फुटांची मर्यादा आणि विमानाला वाट देण्याची जबाबदारी कायम राहते. फवारणीचं विमान त्या उंचीच्या खूप खालून जातं, म्हणून हंगामात शेतांवर ड्रोन नकोच.

जवळ घर, मनोरा किंवा पवनचक्की उभी करायची असेल, किंवा बांधकामासाठी क्रेन आणायची असेल, तर एफएएला ७४६०-१ हा फॉर्म किमान ४५ दिवस आधी द्यावा लागू शकतो. तो लागतो की नाही, हे त्यांच्या वेबसाइटवर पत्ता आणि उंची टाकून तपासता येतं. आवाजाचा त्रास होत असेल तर पोलिसांना फोन करण्याआधी मॅनेजरला करा. दिवस, वेळ, विमानाचा रंग आणि ते कोणत्या दिशेने गेलं एवढं लिहून ठेवलंत, तर विमान कुणाचं ते त्याला लगेच समजतं आणि तो त्या वैमानिकाशी थेट बोलू शकतो.